तान पेईरूचं मत

या, असे जवळ सरकून बसा; एका बाईच्या मनातली गोष्ट सांगतो, ती काही मोठ्यानं सांगायची नव्हे.

कपाचं झाकण नीट बसत नव्हतं. तान पेईरू ते बोटानं फिरवत राहिली — पांढरं, कडेला टवका उडालेलं — आणि मेजाच्या त्या टोकाला सरकारच्या भाव-सुधारणा आयोगाचे प्रमुख कुआन बोलत होते: सगळ्या वस्तूंचे भाव यंदाच मोकळे करायचे, यापुढं सरकार दर ठरवणार नाही. मग एकेकाचं मत. ‘सहमत.’ ‘पूर्ण सहमत.’ पाळी सरकत सरकत तिच्याकडे येत होती.

भाव मोकळे व्हायलाच हवेत, हे विद्यापीठात इतकी वर्षं तीच तर शिकवत आली... पण आत्ता? सकाळी घरी दाराशीच आईनं आणून ठेवलेल्या मिठाच्या पोत्याला ठेचकाळली होती. पलंगाखाली साबण, काड्यापेट्या...

‘आई, लोणच्याचा कारखाना काढतेस का?’

‘गप गं. गल्लीतल्या सगळ्याजणी बँकेतून पैसे काढून आल्या. मीच तेवढी येडी?’

‘पण भाव वाढणार, हे सांगितलं कुणी?’

‘तुझं तोंडच सांगतंय की! महिनाभर धड जेवली नाहीस. अमिताभ बुद्धा, एवढी शिकली, पण लपवायला नाही शिकली!’

तेव्हा हसू आलं होतं. आता मात्र — सगळं बीजिंग असं दुकानांवर तुटून पडलं, तर भाव कुठं थांबतील? पगारावर जगणाऱ्यांनी खायचं काय? हे बोलावं, तर आयोगातली खुर्ची जाईल, आणि ज्या सुधारणेसाठी जन्म वेचला तिच्याच विरोधकांना बळ मिळेल. न बोलावं, तर...

तिला शिकवणारे रोंगसर आठवले. सरकारनं पोलाद-उत्पादनाचे आकडे फुगवलेत, असं भर सभेत म्हणाले आणि त्याची शिक्षा म्हणून वायव्येच्या वाळवंटात मेंढ्या राखायला धाडले गेले. परतल्यावर तिनं विचारलं होतं, ‘सर, भीती नाही वाटली?’

‘वाटली की! पाय असे लटपटले, लोकांना वाटलं मास्तर नाचतोय.’

माझे पाय तर स्थिर आहेत, तिच्या मनात आलं... अगदी स्थिर. म्हणजे मनानं ‘सहमत’ केव्हाच म्हणून टाकलं? मला न विचारता?

‘हं, तान बाई,’ कुआन हसले. ‘तुमचं काय, विचारायलाच नको!’

‘विचारा,’ ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण अनोळखी. आणि मेजाखाली गुडघे एकमेकांवर आपटू लागले, थांबवता थांबेनात — तिला एकाएकी फार हलकं वाटलं.

‘यंदा नको’ म्हणाली म्हणून पुढं तिला कुणी भित्री म्हटलं, कुणी फितूर. ते राहू द्या. तोंड उघडून पहिला शब्द शोधणारी ती तेवढी आठवणीत ठेवा.