पडद्याशेजारचं टेबल

गॉर्डन पिमने जेवणाआधी जागा धरायच्या कागदावर सही केली असती, तर नॉरिस ब्रॅमलीच्या पदरात बरंच काही पडलं असतं. पिम हा मेळ्यातला सगळ्यांत मोठा दुकानदार. त्याने पुढच्या वर्षीची जागा धरली की बाकीचे मेंढरांसारखे मागोमाग सह्या करत. त्या सह्या दाखवल्या की घोडशर्यतीच्या मैदानावरचा हॉल नॉरिसला पुन्हा मिळे. आणि हॉल मिळाला की आणखी एक वर्ष त्याची ओळख ‘कॉम्प्युटर मेळ्याचे ब्रॅमली’ अशी राही. मेळा गेला तर उरणार काय? टाइपरायटर दुरुस्त करून निवृत्त झालेला एक म्हातारा, ज्याचं नाव गावच्या खाटकालाही आठवायचं नाही.

हॉलमध्ये एक काळा पडदा होता. भरभराटीच्या दिवसांत तो कोपऱ्यात गुंडाळलेला असे आणि टेबलं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लागत. पुढे लोक घरबसल्या इंटरनेटवरून माल मागवू लागले. दुकानदार गळू लागले, तशी हॉलची रिकामी बाजू झाकायला नॉरिसने पडदा आडवा ओढला. दर वर्षी तो दाराच्या दिशेने थोडा सरके.

दुकानदारांत एक समजूत रुजली होती: पडद्याशेजारच्या टेबलाला पुढचं वर्ष नसतं. प्रिंटरच्या रिबिनी विकणारा तिथे बसला, गेला. जॉयस्टिकवाली बाई बसली, तीही गेली. ही सगळी विजेवर आणि गणितावर पोट भरणारी माणसं. पण त्या टेबलाचं नाव काढलं की कुणाला खिडकीजवळची जागा हवी असे, कुणाची पाठ दुखत असे.

यंदा नॉरिसने तिथे विल्फ रॅगला बसवलं. रॅग वीस-वीस वर्षं जुने घरगुती कॉम्प्युटर दुरुस्त करी. पैसे थोडे घेई, बोले फार.

“म्हणजे यंदाचा बळीचा बोकड मी का, साहेब?” रॅगने विचारलं.

“तुला रे कसली भीती? तुझं कुठं दुकान आहे?”

“तेही खरंच. बुडायला आधी दुकान पाहिजे.”

“हे बघ, माझं स्वतःचं टेबल तुझ्याला लागून लावतो. मग तर झालं?”

“झालं की. मी उठलो की नंबर तुझा.”

नॉरिस हसला. हसू अर्ध्यातच अडकलं, कारण त्याच्या पाठीमागे पडदा हलला होता. पलीकडे ना उघडी खिडकी होती, ना माणूस.

मेळा भरवणाऱ्यांची एक जुनी खोड असते. दार वेळेवर उघडायचं नाही. बाहेर रांग वाढू द्यायची आणि आतल्या दुकानदारांना ती काचेतून पोटभर पाहू द्यायची. जाहिरात बाहेरच्यांसाठी, रांग आतल्यांसाठी. आज पिम कॉफीचा कप घेऊन काचेपाशी उभा होता आणि नॉरिस पिमकडे बघत उभा होता.

बाहेर भुरभुर सुरू झाली. रांगेतल्या माणसांनी आपापले कॉम्प्युटर टॉवेलांत, उशीच्या खोळींत गुंडाळून छातीशी धरले होते.

“उघडू का दार?” तिकिटांवर बसलेली त्याची बहीण एनिड म्हणाली.

“थांब जरा.”

“थांबून काय अंडी घालणारेत ती?”

“कोपऱ्यापर्यंत जाऊ दे रांग. पिम बघतोय.”

“पिम बघतोय आणि ते भिजताहेत. तो आजोबा बघ, कोट काढून मशिनवर घातलाय बिचाऱ्याने. नॉरिस, देव बघतोय हो.”

“देवाला जागा विकायची नाहीये मला.”

रॅग लगबगीने आला. “दार उघड बाबा. एकदा का पाणी आत गेलं, की माझ्या बापालाही नाही दुरुस्त व्हायची ती.”

“पाचच मिनिटं, विल्फ.”

रॅगने त्याच्याकडे एकदा पाहिलं, हत्यारांची पेटी उचलली, टेबल घडी करून काखेत मारलं आणि बाजूच्या दाराने निघून गेला. नॉरिसचं लक्षच नव्हतं. पिमने खिशातून पेन काढलं होतं.

“बरी आहे रे रांग यंदा,” पिम म्हणाला.

“नेहमीसारखीच,” नॉरिस म्हणाला. पिमने कागद खिडकीच्या कट्ट्यावर पसरला, टोपण काढलं.

आणि रांग हलली. पुढे नाही, मागे. शेपूट आधी वळलं, मग पोट. कुणी धावत नव्हतं, कुणी चिडलेलं नव्हतं. एकामागून एक, आपला नंबर सांभाळत, माणसं कोपऱ्याआड नाहीशी होत होती. नॉरिस एनिडकडे वळला.

“उघड! दार उघड!”

एनिडने दार सताड उघडलं. दोघे आत आले. त्यांतल्या एकाने संडास कुठे आहे ते विचारलं.

नॉरिस पावसात धावला. कोपऱ्यामागे तबेला होता. आज शर्यती नव्हत्या, घोडेही नव्हते. घोड्यांचे केस कापायच्या यंत्रासाठी भिंतीत प्लग होता, त्याच्याखाली रॅगने टेबल मांडलं होतं. “या, या, घोडे नाहीत, लाजू नका,” असं तो एकेकाला आत घेत होता. माणसं कोरड्या पेंढ्यावर टेकली होती, थर्मासमधला चहा या हातातून त्या हातात जात होता. आजोबांच्या मशिनवर निळं अक्षर उमटलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

“तुझं दार बंद होतं, नॉरिस,” रॅग मान वर न करता म्हणाला.

“आता उघडलंय. चला सगळे! आत चला!”

“आत काय आहे?” आजोबांनी विचारलं.

टोमणा नव्हता. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं. नॉरिसने सांगायला तोंड उघडलं आणि त्याला काही आठवेना.

तो परतला तेव्हा पिम पेनाला टोपण लावत होता.

“ती रांग माझी नव्हतीच, नाही का? रॅगची होती.”

“दुरुस्ती झाली की तुझ्याकडेच येतात रे, केबल घ्यायला...”

“यायचे.” पिमने बिनसहीचा कागद घडी करून नॉरिसच्या वरच्या खिशात सरकवला आणि मयताला आल्यासारखा हळूच त्याचा खांदा थोपटला.

नॉरिस आपल्या टेबलाशी गेला. रॅगचं टेबल आता नव्हतं. मध्ये काहीच नव्हतं. पडद्याची किनार त्याच्या खुर्चीच्या पायाला लागली होती. तो बसला. मानेवर गार झुळूक आली. पडद्याच्या पलीकडे रिकाम्या हॉलमध्ये काहीतरी खडखडलं, बहुधा पत्रा. त्याने मागे वळून पाहिलं नाही. दिवसभर पाहिलं नाही.

पुढच्या वर्षी हॉल कुत्र्यांच्या प्रदर्शनाला गेला. पिम घरबसल्या केबली विकतो, त्याचं काही अडलं नाही. एनिडला आपला शनिवार परत मिळाला. रॅगला तबेला मिळाला, तोही फुकट, आणि आजोबांना त्यांची निळी अक्षरं. पडद्याला दर वर्षी एक टेबल लागे, ते देणं तेवढं नॉरिसने चुकतं केलं.