एकसष्टावा दिवस

"दोनशे अकरा, दोनशे बारा, दोनशे तेरा," अशी आपली पावले मोठ्याने मोजीत हवालदार उतारावरून खाली येत होता, आणि प्रत्येक आकड्यासरशी त्याच्या गुडघ्यांवर कोणी घण घालावा तशी कळ मस्तकापर्यंत जात होती. एकवीस किलोमीटरच्या त्या डोंगरशर्यतीपैकी चौदा किलोमीटर मागे पडले होते. वाट एवढी अरुंद की दोन माणसे शेजारी उभी राहू नयेत. एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला दरी. खडकावर आपटून सोललेल्या कोपरातले रक्त मनगटापर्यंत ओघळले होते. तथापि थांबणे त्याला माहीत नव्हते.

शंभर दिवस, एकही खाडा न करता, रोज धावायचे, असा शब्द मुलीने त्याच्याकडून घेतला होता. ती इस्पितळात परिचारिका होती. निवृत्तीनंतर वडिलांच्या रक्तातली साखर वाढू लागली, तेव्हा तिने स्वयंपाकघराच्या भिंतीवर शंभर चौकोनांचा कागद लावला आणि शेजारी दोऱ्याने लाल पेन टांगले. बाबा धावून आले की रोजची फुली ती स्वतःच्या हाताने मारीत असे. आज एकसष्टावा दिवस होता, आणि आज ती स्वतः शर्यतीच्या शेवटाला, प्रथमोपचाराच्या तंबूत, कामावर होती. बायकोच्या पश्चात हवालदाराला ह्या जगात तेवढे एकच माणूस उरले होते, आणि त्या माणसाशी तो आयुष्यभर एक खोटे बोलत आला होता. तुरुंगात आपण कोठारावर होतो, पोती मोजीत होतो, असे त्याने तिला सांगितले होते.

तो मोजीत असे, हे मात्र खरे होते. ज्याच्याकडून कबुली हवी त्या कैद्याला बाकावर पालथे बांधीत, त्याची पायताणे काढीत, आणि हवालदार वेताने त्याच्या तळव्यांवर फटके देई. तळव्यांवरचे वळ कोणाच्या नजरेस पडत नाहीत. साहेब पलीकडच्या खोलीत बसून ऐकत असत, म्हणून प्रत्येक फटका मोठ्याने मोजण्याची पद्धत होती. हवालदाराच्या त्या आवाजात ना राग असे, ना दया; गवळ्याने दुधाची मापे मोजावीत, तसा तो मोजी. पुढे कैद्याला डॉक्टरापुढे नेले की त्याने "पाय घसरून पडलो" एवढेच बोलायचे, आणि तेवढेच कागदावर उतरायचे. ह्या कामात पंचवीस वर्षे गेली. नोकरी सुटली, मोजण्याची खोड काही सुटली नाही.

त्याच्या पुढे पिवळ्या बंडीतला एक मनुष्य हातात काठी घेऊन धावत होता; बाकीचे धावणारे केव्हाच पुढे निघून गेले होते. हवालदाराची दृष्टी त्याच्या पावलांवर गेली आणि तिथेच खिळली. तो मनुष्य तळवा पुरता टेकवीतच नव्हता; पावलांच्या बाहेरच्या कडांवर अंग तोलून पळत होता. ती चाल कशाने येते, हे हवालदाराइतके त्या डोंगरावर कोणालाच ठाऊक नव्हते. त्याच क्षणी त्याने तोंड मिटायला हवे होते. परंतु तोंड सवयीचे गुलाम.

"दोनशे तीस, दोनशे एकतीस."

पिवळी बंडी जागच्या जागी थांबली.

"पुन्हा म्हण," तो मनुष्य मागे न वळता म्हणाला.

"काय म्हणू?"

"आकडा."

हवालदार गप्प राहिला, आणि तीच त्याची कबुली झाली. तो मनुष्य वळला तो हातातली काठी फिरवीतच. पहिला घाव हवालदाराच्या तोंडावर बसला. एक दात तुटून जिभेवर आला. हवालदाराने आंधळेपणाने मूठ चालवली. नाकाचे हाड मोडल्याचा आवाज दोघांनाही ऐकू आला. मग दोघे एकमेकांच्या गळ्याला धरून धोंड्यांवरून गडगडले, आणि दरीच्या तोंडाशी एका काटेरी झुडपात अडकले म्हणून वाचले. हवालदार खाली होता. त्या मनुष्याने दोन्ही हातांनी नारळाएवढा दगड उचलून त्याच्या कपाळावर धरला. त्याच्या नाकातले रक्त हवालदाराच्या डोळ्यांत टपटपत होते.

"मुलगी आहे हो माझी खाली," हवालदार म्हणाला. "तंबूत आहे. परिचारिका आहे."

दगड तसाच अधांतरी राहिला.

"तिला ठाऊक आहे?"

हवालदाराने डोळे मिटून घेतले. त्या मनुष्याने दगड दरीत टाकला. तो आपटत, फुटत, बराच वेळ खाली जात होता.

मग धापा टाकीत त्याने आपली हकीगत सांगितली. तो सुतार होता. ज्या घरी कपाट करायला गेला, तिथे चोरी झाली आणि संशयावरून ह्याला धरले. चाळीस फटक्यांनंतर त्याने न केलेला गुन्हा कबूल केला. तीन महिन्यांनी खरा चोर सापडला आणि ह्याला सोडून दिले. परंतु रंधा मारायला पायांवर उभे राहावे लागते. दोन वर्षे तो जमिनीवर बसून खुंट्या तासत राहिला. त्यानंतर चालायला शिकला, मग धावायला.

"तुझं तोंड मी कधी बघितलं नाही," सुतार म्हणाला. "आवाज तेवढा ऐकला. आता तूच ठरव. एक तर मी खाली जातो आणि तिला सगळं सांगतो. नाहीतर जोडे काढ."

हवालदार उठून बसला. नाड्यांची दुहेरी गाठ सकाळी मुलीनेच बांधून दिली होती. रक्ताने निसरड्या झालेल्या बोटांना ती सुटेना, तेव्हा पाय तोंडाशी ओढून त्याने ती रक्ताळलेल्या दातांनी सोडवली. जोडे शेजारी नीट लावून ठेवले आणि तो धोंड्यांवर पालथा झाला.

"मोज."

काठी उतरली. एक. दोन. तीन. पाचव्या फटक्याला त्याने माती चावली. नवव्याला त्याच्या लक्षात आले की, आपला आवाज अगदी पूर्वीचाच, सपाट येतो आहे. तो बदलू म्हटले तरी बदलत नव्हता. तेराव्याला कातडी फुटली. सतराव्यानंतर काठी उठली नाही.

सुतार खांदा दाबून मटकन खाली बसला होता.

"एवढं मारून तुझा हात दुखायचा नाही का रे?" त्याने विचारले. त्याला खरोखरच ते जाणून घ्यायचे होते.

"दुखायचा," हवालदार मातीत तोंड ठेवून म्हणाला. "मुलगी तेल लावून द्यायची. लहान होती. पोती उचलून दुखतो, असं सांगायचो तिला."

 सुताराने काठी गुडघ्यावर मोडली आणि तुकडे दरीत भिरकावले.

"खाली काय सांगायचं, ते तुला पाठ असेल," एवढे म्हणून तो पावलांच्या कडांवर पळत दिसेनासा झाला.

उरलेल्या सात किलोमीटरांना हवालदाराला तीन तास लागले. जोडे कसेबसे पायांत कोंबून तो उभ्याने चालला, बसून सरकला, दोन ठिकाणी रांगला. वाट दाखवायला झाडांना बांधलेल्या फितींशिवाय त्याला काही दिसत नव्हते. तंबूत जखमींची गर्दी होती; तो शिरला तेव्हा सुताराची पाळी नुकतीच आली होती. सुतार नाकात बोळे घालून खुर्चीवर बसलेला, आणि त्याचे उघडे पाय मुलीच्या मांडीवर. ती फोडांना पट्टी लावीत होती.

"बाबा, हे काय झालं?" ती धावत आली.

"पडलो गं."

तिने त्याला बसवले आणि जोडे काढले. मोजे कातडीला चिकटले होते; ते तिने पाणी लावून हळूहळू सोडवले. तळवे दिसताच तिचे हात थबकले. आडवे, एकाखाली एक उठलेले ते वळ तिने पाहिले. मग वळून सुताराचे पाय पाहिले, ज्यांची हाडे फार पूर्वी मोडून वाकडी जुळली होती.

"पडून असं होत नाही," ती म्हणाली. "असे पाय इस्पितळात येतात आमच्याकडं. तुरुंगातून आणतात. तेही पडलो म्हणूनच सांगतात." ती सुताराकडे वळली. "काका, तुम्ही तरी सांगा."

सुताराने हवालदाराकडे पाहिले.

"आम्ही दोघंही पडलो, बाई. वाटच तशी आहे," तो म्हणाला, आणि आपले जोडे हातात घेऊन अनवाणीच निघून गेला. दिला शब्द त्याने पाळला होता.

मुलगी पुन्हा खाली बसली. कापसाने एक एक वळ पुसू लागली. तिचा हात सराईत होता. कुठे घाई नव्हती, कुठे हिसका नव्हता. तिने शेवटची पट्टी बांधली.

"उजवा खांदा दुखायचा तुमचा," मग ती म्हणाली. "मी तेल लावायचे."

हवालदाराने मान खाली घातली. तिने कात्री पुसली, डबा मिटला, आणि ती पुढच्या जखमी माणसाकडे गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो स्वयंपाकघरात आला. एकसष्टावा चौकोन कोरा होता. लाल पेन दोऱ्याला स्थिर लोंबत होते. त्याने हात उचलला, तसाच खाली घेतला. सुजलेले पाय जोड्यांत जाईनात, म्हणून त्याने नाड्याच काढून टाकल्या. दार हळू ओढून घेतले आणि पावलांच्या कडांवर अंग तोलीत तो रस्त्याला लागला. कोपऱ्यापर्यंत गेला, तिथून पुढे गेला. त्याच्या तोंडून एकही आकडा निघाला नाही.