झाड डावीकडे

फ्रेमवाल्याने वरचा कागद सोडला आणि काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

काचेआड नुसत्या गाठी होत्या. लोकरीची लोंबणारी टोकं, एका पानावरून दुसऱ्या पानावर उड्या मारत गेलेले हिरवे धागे, मांजराच्या पोटावर हा एवढा गुंता. जाळीच्या कापडावर टाक्याला टाका लावून काकूंनी तीन वर्षं ते चित्र भरलं होतं. पिवळ्या दाराचं घर, अंगणात झाड, झाडाखाली मांजर. आणि या शहाण्याने ते उलट्या बाजूने फ्रेम करून ठेवलं होतं.

“अरे, डोळे आहेत की बटणं? ही मागची बाजू आहे.”

“मला कळत होतं काकू,” फ्रेमवाला म्हणाला. “मी विचारलंही. पण काका हटूनच बसले. म्हणाले, झाड डावीकडे असतं, मी रोज बघतो.”

काका, म्हणजे काकूंचे यजमान, दाराशी पिशवी धरून उभे होते. त्यांनी मान डोलावली. “डावीकडेच असतं. हा ते धागेसुद्धा कापायला निघाला होता. मी कापू दिले नाहीत.” वर हे कौतुकाने सांगत होते.

काकूंनी कपाळाला हात लावला. गुडघा सुजला म्हणून या माणसाला पाठवलं, तिथेच चुकलं. संध्याकाळी वाचनालयाच्या हॉलमध्ये भरतकाम मंडळाचं प्रदर्शन होतं. दरवर्षी काकूंचं काम जिन्याखालच्या कोपऱ्यात पडायचं, कारण काय तर नीट फ्रेम नाही. यंदा पहिल्यांदा समोरची मोठी भिंत मिळाली होती. ती मिळवण्यासाठी काकूंनी मंडळाच्या अध्यक्षीणबाईंचं काय काय ऐकून घेतलं होतं, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

“काढ आणि उलटं कर,” त्या म्हणाल्या.

“निघायचं नाही. पुढची बाजू पुठ्ठ्याला चिकटवली आहे.”

चिकटवायचं नाही, मागून दोऱ्याने ताणून बांधायचं, हे काकूंनी नवऱ्याला निघताना पढवून पढवून पाठवलं होतं. तेवढंच नेमकं ते विसरले होते. झाड मात्र लक्षात राहिलं. फ्रेमवाल्याने काच काढून सुरीने एक कोपरा उचकटून पाहिला, तर पिवळ्या लोकरीचा झुबकाच उपटून हातात आला.

“राहू दे,” काकू म्हणाल्या. “बसव परत काच.”

दुकानातूनच त्यांनी अध्यक्षीणबाईंना फोन केला. माझं काम येत नाही म्हणून सांगितलं. “मग तिथे माझे मोर लावते,” बाई लगेच म्हणाल्या. जणू मोर पिशवीत घालूनच बसल्या होत्या.

घरी येईपर्यंत काकू बोलत होत्या आणि काका ऐकत होते. बाहेरच्या खोलीत त्यांनी फ्रेम भिंतीला टेकवून ठेवली. खिडकीपाशी काकूंचा भरतकामाचा स्टँड होता, अलीकडे त्यांची खुर्ची, पलीकडे काकांची.

“तीन वर्षं समोर बसलात,” काकू म्हणाल्या. “एकदा तरी नीट बघितलंत का मी काय करते ते?”

“रोज बघितलं की.” काका फ्रेमपुढे वाकले. “हा गुंता लेक परत गेली त्या दिवशीचा. तुझं लक्षच नव्हतं. इथे तू माझ्यावर चिडली होतीस, टाके बघ किती आवळलेस. आणि हे मांजर तू सगळं उसवून परत भरलंस, तेव्हा दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस.”

सगळं खरं होतं. काकू त्यामुळे आणखीच वैतागल्या. अख्ख्या जगात एकाच माणसाने त्यांचं काम इतकं बारकाईने पाहिलं होतं आणि तेही उलट्या बाजूने. सुलटी बाजू आता कुणालाच दिसणार नव्हती. ते दार, त्याच्या पिवळ्याच्या चार छटा, सगळं पुठ्ठ्यात तोंड खुपसून बसलं होतं.

“मग इकडे येऊन बसायला काय पाय मोडले होते?” त्यांचा आवाज चिरकला. “माझ्या शेजारी बसला असतात तर कळलं असतं, झाड कुठे आहे ते.”

“शेजारी बसलो की चित्र दिसतं,” काका म्हणाले. “समोर बसलं की स्टँडच्या वर तुझं तोंड दिसतं. मी त्यासाठीच बसायचो. मागचं ते सगळं आपोआप दिसायचं.”

काकूंना याचाही रागच आला. हॉलमधल्या मोठ्या भिंतीवर एव्हाना मोर चढले असतील. त्या खुर्चीत बसल्या, सुजलेला गुडघा चोळत त्या गाठींकडे बघत राहिल्या.

“आणा खिळा,” शेवटी त्या म्हणाल्या. “आणि सरळ ठोका. एवढं तरी करा.”