कुलपाचं झाकण

हैबतरावांनी बॉनेटवर बुक्की मारली आणि स्वतःचाच हात भाजून घेतला. गाडी निडीच्या पुढे, नेहमीच्याच टप्प्यात बंद पडली होती. वरशाच्या घरून निघताना ही अँबॅसडर इतकी शहाण्यासारखी चाले, की तिच्या तक्रारी करणाऱ्यालाच लोकांनी वेड्यात काढावं. पंधरा-वीस मिनिटांनी तापली, की दोन आचके देऊन गप्प. मग अर्धा तास रस्त्यात उभं राहून तिची मनधरणी करायची. दोन महिने हे चाललं होतं आणि हैबतरावांच्या डोक्याचा पार भुगा झाला होता.

धाकटा भाऊ सखा फडकं भिजवून इंजिनाजवळच्या पंपावर गुंडाळत होता.

"निवू दे थोडी, दादा. तापलीय."

"तापलीय, तापलीय! मी पण तापलोय. मला कोण गुंडाळतोय फडकं?"

सखा हसला नाही. एरवी हसला असता. दिवसा गाडी हैबतराव चालवत आणि रात्री सखा, धाटावच्या कारखान्यांतल्या कामगारांना शिफ्टला सोडायला. त्यासाठी त्याने धाटावचीच पक्की नोकरी सोडली होती, तीही हैबतरावांच्या शब्दावर. आता भरली गाडी वाटेत बंद पडे, माणसं उतरून चालू लागत आणि शिव्या सखाला बसत. घरी आल्यावर हैबतरावही त्याला सोडत नसत. तुझा पायच जड, तूच गाडीची वाट लावलीस, असं तोंडावर म्हणून झालं होतं.

पेणच्या बाबाजी मिस्त्रीने आधी कॉइल बदलली, मग पंप बदलला, कार्बोरेटर दोनदा उघडून धुतला. आज शेवटचं. बाबाजीला दोष सापडला नाही, तर दुपारी त्याच्या गॅरेजवर येणाऱ्या दलालाला गाडी देऊन मोकळं व्हायचं, असं हैबतरावांनी काल जेवताना सांगून टाकलं होतं. सखा अर्ध्या ताटावरून उठला होता.

"गाडी गेली तर मी काय करू, दादा?" फडकं पिळता पिळता सखाने विचारलं. "कंपनी काय परत घेनार नाय मला."

"आधी पेण तर येऊ दे."

हैबतराव तणतणत मागे गेले. पेट्रोलचा काटा कधीच मेला होता, त्यामुळे टाकीत किती आहे ते डोकावूनच बघावं लागे. त्यांनी सखाकडे पाठ केली, सदरा वर केला आणि करगोट्याला बांधलेली चावी सोडली.

कुलपाचं झाकण त्यांनीच रोह्याच्या बाजारातून आणलं होतं. पावसाळा सरता सरता पेट्रोल भलतंच लवकर संपायला लागलं होतं आणि रात्रीची गाडी सखाच्या हातात. सख्ख्या भावाला विचारायला जीभ रेटेना, म्हणून त्यांनी कुलूप आणलं आणि चावी स्वतःजवळ ठेवली. सखाने ते पाहिलं, पण त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. त्याच्या गप्प बसण्याने हैबतरावांचा संशय उलट पक्का झाला.

कुलूप उघडलं तरी झाकण हलेना, आतून कुणी धरून ठेवल्यासारखं. दोन्ही हातांनी जोर लावल्यावर ते सुटलं आणि टाकीने सूंऽऽ करून लांबलचक श्वास ओढला. पेट्रोल निम्म्याच्या वर होतं. हैबतराव झाकण हातात घेऊन तसेच उभे राहिले. मग ते पुढे येऊन बसले आणि त्यांनी गाडीची चावी फिरवली. इंजिन अजून हात लावू देत नव्हतं, तरी गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली.

"फडकं लागू पडलं!" सखा ओरडला.

हैबतरावांनी पुन्हा खाली उतरून झाकण नुसतं वर टेकवलं, कुलूप लावलं नाही.

नागोठणं गेलं, वडखळ गेलं, गाडी एकदाही अडखळली नाही. सखाला तोंड फुटलं होतं. सीटची कव्हरं बदलू, पाटी नवी रंगवू, असं त्याचं चाललं होतं. हैबतराव मात्र मनातल्या मनात मागे जात होते. झाकण ज्या आठवड्यात बसवलं, त्याच आठवड्यापासून गाडी बंद पडायला लागली होती. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की पेण येईपर्यंत त्यांनी मान वळवून सखाकडे पाहिलं नाही.

गॅरेजसमोर उतरल्यावर हैबतरावांच्या हाताने आपली सवय पाळली, झाकणाला कुलूप लागलं आणि चावी परत करगोट्याला गेली. बाबाजी हात पुसत बाहेर आला.

"आज नाय बंद पडली?"

"पडली. झाकण सैल ठेवलं, तशी नीट चालली," हैबतराव कसंबसं म्हणाले.

बाबाजी वाकून झाकणाकडे बघत राहिला. मग त्याने कपाळावर हात मारला.

"अवो, हे बाजारचं हाय. ह्याला हवेचं भोकच नाय. पेट्रोल जाईल तेवढी हवा आत शिरायला नको? नायतर पंप ओढनार कसा? तुमी थांबायचे, तेवढ्यात कुठूनतरी हवा शिरायची, आन तुमी म्हननार गाडी निवली. मी उगाच चांगली कॉइल फेकली. कुनी बसवलं हे?"

"मी," सखा म्हणाला. "पेट्रोल कमी व्हायचं. धाटावला रातची गाडी उभी असते, म्हटलं कोन चोरतोय."

"चोर कसला! जुना पंप गळका होता, बदलताना बघितला मी. नसत्या चोरापायी भावाला दोन म्हैने नाचवलंस. गाडी विकायला निघाले ते!"

"चुकलं," सखा खाली बघत म्हणाला.

"दलालाला येऊ नको सांगतो. आन ते आधी काढ. चावी दे."

सखाने शर्टाचा खिसा चाचपला, मग पँटीचे दोन्ही. हैबतरावांकडे त्याने चुकूनही पाहिलं नाही.

"घरी ऱ्हायली वाटतं, बाबाजी. फोड तू."

बाबाजीने छिन्नी आणली, कुलपावर टेकवली आणि हातोडा उचलला.

"थांब," हैबतराव म्हणाले. दोघांच्या देखत त्यांनी सदरा वर केला आणि करगोट्याची गाठ सोडायला लागले. गाठ लवकर सुटेना.