मूठभर पावडर

"मी एक झाकण घालते. एकच!" सून म्हणाली आणि तिनं सासूकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघतेस? मी त्या मशीनला हातसुद्धा लावत नाही," सासू म्हणाली आणि तिनं माझ्याकडे बघितलं.

मी फरशीकडे बघत होतो. मशीनच्या ड्रॉवरमधून फेस उतू जाऊन पार दारापर्यंत आला होता. महिन्याभरात मी या घरात दुरुस्तीला तिसऱ्यांदा आलो होतो, आणि दर वेळी मशीन ठणठणीत. वॉशिंग मशीन कधी खोटं बोलत नाही. माणसं मात्र शपथा घेऊन बोलतात.

दाराच्या रबरात बोट घालून फिरवलं. आतल्या खाचेत चिखलासारखा साबण, आणि त्यात निळे दाणे. मी मनात म्हटलं, सापडलास लेका! या घरात साबण यायचा बाटलीतला, पातळ, फ्रंट लोडचा. हे दाणे होते बादलीत घालायच्या पावडरचे. ती पावडर हातानं धुवायला ठीक, भरपूर फेसाळते. या मशीनमध्ये मूठभर पडली तर कपडे फेसावर नुसते तरंगतात. घासलेही जात नाहीत, नीट खळबळलेही जात नाहीत.

"बादलीची पावडर कोण टाकतं?" मी विचारलं.

"बघा!" दोघी एकदम म्हणाल्या.

"यांना फेस दिसल्याशिवाय कपडे धुतल्यासारखं वाटत नाही," सून म्हणाली.

"आणि हिला माझ्यावर ढकलल्याशिवाय जेवण जात नाही. मी जाते बहिणीकडे राहायला, मग बघा फेस येतो का!"

मामला तापला होता, आणि अशा वेळी माझ्या डोक्यातला किडा वळवळतो. पिशवीत एका मेलेल्या रिमोटचा दिवा पडला होता. तो मी मशीनवरच्या फळीला चिकटपट्टीनं डकवला आणि चेहरा एकदम गंभीर केला.

"हा डोळा. कोण काय टाकतं ते इथं माझ्या मोबाईलवर दिसणार."

दोघींचे चेहरे असे खुलले की काय सांगू! आता ही सापडणार, असं प्रत्येकीला दुसरीबद्दल वाटत होतं. सोफ्यावर पेपर वाचत बसलेल्या काकांनी, म्हणजे सासऱ्यांनी, तेवढा पेपर खाली केला आणि पुन्हा वर केला.

मी खाली येऊन स्कूटरला किक मारणार, तेवढ्यात मागून सपातांचा आवाज. काका. धापा टाकत.

"तो डोळा... मागचं पण दाखवतो का हो?"

"मागचं म्हणजे?"

"म्हणजे परवाचं वगैरे."

हसू आवरायला मला हेल्मेट घालावं लागलं. "दाखवतो की. सगळं दाखवतो."

काका स्कूटरच्या सीटला धरून उभे राहिले. चेहरा पार उतरला. माझं हसू हेल्मेटातच राहिलं.

"त्या दोघींना दाखवू नका," ते म्हणाले. "मीच टाकतो. माझे कपडे असले की टाकतो."

"पण कशाला, काका?"

सीटवरची धूळ बोटानं पुसत ते सांगायला लागले. नात पूर्वी मांडीवर बसून गोष्ट ऐकायची. आता सोफ्याच्या पार त्या टोकाला बसते. एकदा आईच्या कानात कुजबुजली, आजोबांच्या अंगाला वास येतो. काकांचं नाक रंगाच्या कारखान्यात कामाला असतानाच गेलेलं. कान मात्र शाबूत.

"मला कळतच नाही हो, येतो की नाही. बायको म्हणते, भलतंच काय! सून म्हणते, छे छे. मन राखतात. घरात कुणी खरं सांगत नाही." त्यांनी स्वेटरची बाही माझ्या नाकासमोर धरली. "तुम्ही परके. तुम्हाला काय पडलंय? खरं सांगा."

सकाळपासून मी दहा जणांना दहा थापा मारल्या असतील. पण त्या बाहीला नाक लावलं आणि थाप सुचेना. ओलं फडकं बादलीत विसरल्यावर येतो तसा कुबट वास.

"येतो," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. जणू बऱ्याच दिवसांनी कुणीतरी त्यांच्याशी बोललं होतं.

"पण तो तुमचा नाही, काका. साबणाचा आहे. जास्तीचा साबण कपड्यातच राहतो, ओल धरतो आणि कुबट होतो. तुम्ही वास घालवायला मूठ टाकता, त्या मुठीनंच वास वाढतो."

त्यांनी डोळे बारीक केले. "माझं मन राखताय."

आता आली का पंचाईत! मी त्यांना घेऊन पुन्हा वर गेलो. त्यांचे धुतलेले कपडे मशीनमध्ये भरले आणि साबणाचा थेंबही न घालता ते सुरू केलं. थोड्या वेळानं काचेच्या आत फेस चढायला लागला. काका काचेला नाक लावून बघत राहिले.

"साबण न घालता?" सून म्हणाली.

"जुना साचलाय. आधीच्या मेकॅनिकनं नीट साफ केलं नव्हतं," मी ठोकून दिलं. आधीचा मेकॅनिक मीच होतो, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. "फेस यायचा थांबेपर्यंत नुसत्या कोमट पाण्यात काढा. मग अर्धं झाकण, तेही बाटलीतलं. रबर पुसायचं, दार उघडं ठेवायचं."

"म्हणजे हिनं नाही टाकली?" सासूनं विचारलं. थोडी निराशच झाली बिचारी. बहिणीकडे जायचं मात्र राहिलं.

पुढच्या महिन्यात शेजारच्या इमारतीत काम होतं. काका फाटकाशी उभे होते. अंगात तोच स्वेटर. मला बघून त्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर टाकली आणि हात पुढे केला.

मी स्कूटरवरूनच वाकलो, वास घेतला. लोकर. बाकी काही नाही.

"काही येत नाही, काका."

"नीट घ्या."

पुन्हा घेतला. "खरंच नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी कसला माणूस आहे, हे एव्हाना त्यांना पक्कं कळलं असावं. मग त्यांनी दुसरा हात पुढे केला.