लहान्या पुलाचा स्टॉप

मेहकर–लोणार रस्त्यावरचा खड्डा न् खड्डा इंद्रभानला पाठ होता, पण त्या रस्त्याच्या डाव्या-उजव्या अंगाला काय आहे, हे विचाराल तर सगळा आनंदच. उभी नोकरी एसटीच्या स्टिअरिंगमागे गेलेली. फाटा आला की ब्रेक मारायचा, चार माणसं उतरायची, डोक्यावर गाठोडी घ्यायची आणि आडव्या रस्त्याने चालू लागायची. ती कुठे जातात, तिथे घरं कशी आहेत, पाणी कुठून भरतात, हे बघायला गाडी सोडून थोडंच जाता येतं? आरशात ती माणसं बारीक होत जायची, कंडक्टरची घंटी वाजायची आणि इंद्रभान गिअर टाकायचा.

रिटायर झाल्यावर सुलतानपूरच्या घरी तो महिनाभर नुसता बसला. मग पुण्याहून त्याचा मुलगा अश्वजित आला आणि येताना ट्रॅव्हल्सच्या टपावर एक गिअरची सायकल टाकून घेऊन आला. पोट कमी करायला म्हणून मोठ्या हौसेने घेतलेली सायकल तिकडे बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या कामी लागली होती. इंद्रभानने तिचे गिअर मोजले आणि हसू लागला.

"बावन्न मानसं घेऊन गाडी घाटात चढवली म्या, तिले बी इतके गिअर नव्हते."

पण सायकल त्याला आवडली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बसला, गावाबाहेर पडला, पहिला फाटा आला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने हँडल वळवलं. तेव्हापासून रोज सकाळी एखादा फाटा, असा त्याचा नेमच झाला. तुरीच्या शेतांतून, गाडरस्त्याने, कधी धरणाच्या पाळीवरून तो जायचा. गाव लागलं की पारापाशी सायकल टेकवायची, चहा घ्यायचा, इकडेतिकडे बघायचं आणि परत फिरायचं. एवढाच कार्यक्रम.

लोकांना मात्र हे काही केल्या पटत नव्हतं. रिकामा माणूस सायकलवर येतो आणि काम नाही म्हणतो, म्हणजे काय?

"काऊन ड्रायव्हरसाहेब, जमीन पाहाले आले का?"

"नाई बाप्पा, गाव पाहाले आलो."

"हाव, पन काम काय हाये?"

एका गावात तर पोरासाठी मुलगी बघायला आलाय असं समजून लोकांनी त्याला ओसरीवर बसवलं, पोहे दिले आणि पोहे संपेपर्यंत उपवर मुलींची नावं ऐकवली. इंद्रभानने पोहे खाल्ले. चांगले झाले होते.

या सगळ्या हिंडण्यात एक वाट मात्र त्याने मुद्दाम राखून ठेवली होती. मेहकरच्या बाजूला नाल्यावर एक लहान पूल आहे. तिथे फाटा नाही, पाटी नाही, स्टॉप तर नाहीच नाही. तरी बाजाराच्या दिवशी इंद्रभान तिथे गाडी थांबवायचा, एका बाईसाठी. काळीसावळी, नऊवारी लुगड्यातली, डोक्यावर बाजाराचं गाठोडं. तो तिला मोरपंखी लुगड्यावरून ओळखायचा, नाव माहीत नव्हतं. पूल आला की मागे वळून आवाज द्यायचा, "चला माय, आलं तुमचं घर!" बाई उतरायची, पुलाच्या कडेने खाली जायची आणि दिसेनाशी व्हायची. कंडक्टर कुरकुर करायचे, प्रवासी तोंडं वाकडी करायचे, पण इंद्रभान कुणाला बधला नाही. वर्षानुवर्षं थांबला.

हा किस्सा त्याने लग्नात सांगितला, विहारात सांगितला, चहाच्या हॉटेलात तर किती वेळा सांगितला असेल. "अख्ख्या नोकरीत नियमाबाहेरचं येकच काम केलं, पन गरिबाचं केलं." त्याची बायको कलाबाई भाकरी थापता थापता म्हणायची, "झालं का लहान्या पुलाचं सुरू?" ती हसायची, पण इंद्रभानच्या दृष्टीने ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. गाडी चालवली, पगार घेतला, कुणाला मारलं नाही, याच्यापलीकडे आपण काही बरं केलं असेल तर ते एवढंच, असं तो मनात धरून होता. रिटायर व्हायच्या दोन-तीन वर्षं आधी ती बाई यायची एकाएकी बंद झाली. मेली की काय, या भीतीने तो पुलापर्यंत सायकल न्यायचा आणि परत फिरायचा.

शेवटी दिवाळी झाल्यावर एका सकाळी त्याने मन घट्ट केलं आणि पुलाच्या कडेने सायकल खाली उतरवली.

पायवाट होती. चांगली मळलेली, पण जेमतेम एक पाऊल मावेल एवढी. दोन्ही बाजूंनी तूर अंगाला लागत होती. सायकल कधी चालवत, कधी हाताने ढकलत तो निघाला. वाट मधेच एका लिंबाला वळसा घालत होती, पुढे खडकाळ चढ होता, मग पुन्हा उतार, आणि उतारावर तोच नाला फिरून आडवा आलेला. पाणी घोट्यापर्यंत, पण दगड शेवाळलेले. इंद्रभानने चपला हातात घेतल्या, सायकल खांद्यावर टाकली आणि शिव्या घालत पलीकडे गेला. ही बाई डोक्यावर गाठोडं घेऊन इथून जायची? पावसाळ्यात काय करत असेल? आणि एवढ्या आडरानात राहतं तरी कोण?

त्याची उत्सुकता अशी ताणलेली असतानाच वाट चढावरून वर आली आणि समोर मारुतीचं देऊळ, हातपंप, पाण्याची टाकी. इंद्रभान बघतच राहिला. अरे, ही तर खापरवाडी! मागच्याच पंधरवड्यात तो इथे येऊन चहा पिऊन गेला होता. फाट्यावरून, पक्क्या डांबरी रस्त्याने, पायडल मारायचेही कष्ट न पडता. तो फाटा त्याच रस्त्यावर, पुलाच्या थोडा पुढे, आणि तिथे एसटीचा रीतसर स्टॉप. मग खापरवाडीची बाई पुलावर कशाला उतरेल? त्याला काही केल्या उमगेना.

हातपंपावर एक म्हातारी बादली भरत होती. लुगडं फिकट झालेलं, पण एकेकाळी मोरपंखी असावं. तिने सायकलकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे, आणि हातातला दांडा सोडून दिला.

"बाई माय! मोटारवाले ना तुमी?"

इंद्रभानच्या छातीतलं ओझं उतरलं. जिवंत होती! त्याला इतका आनंद झाला की त्याने भर रस्त्यात तिच्या पायाला हात लावला. म्हातारी संकोचून मागे सरकली. तिचं नाव मंजुळाबाई, हे त्याला तेव्हा कळलं.

तिच्या अंगणात बाजेवर बसून चहा घेताना त्याने पोटातला प्रश्न बाहेर काढला. "माय, येक सांगा मले. तुमचं घर इथं, फाटा तिथं. मंग तुमी पुलावर काऊन उतरत होत्या?"

मंजुळाबाई पदराआड हसली. सांगू का नको, असं तिचं चाललेलं दिसलं.

"आता तुमाले रिटायर केलं म्हन्ता, तं सांगते. पयल्या खेपेले मले मोटार लागली होती. उन्हाळा होता, गर्दी होती. मले उलटीसारखं झालं, म्हनून म्या कंडक्टरले हात केला. तुमी पुलावर थांबवली. मी उतरले, लुगडं खराब झालं, साऱ्या मोटारीतले लोक पाहून राह्यले. मले लाज वाटली. म्हटलं, जा बाबा तुमी, मी जाईन पायी. गेली मोटार."

"अन् मंग?"

"मंग पुढच्या बाजारी तुमी आपल्या मनानंच पुलावर थांबले. 'चला माय, आलं तुमचं घर.' लोक वळून पाहून राह्यले. कंडक्टर बडबड करे, तं तुमी त्याले दापलं माह्यासाठी. आता एवढ्या मानसाइच्या समोर तुमाले म्हनू का, का बाबा, तुमचं चुकलं?"

इंद्रभानने बशी खाली ठेवली.

"उतरले मी. मंग दर बाजारी उतरले. वाट कुठी होती तवा? कोनाच्या तुरीतून, कोनाच्या धुऱ्यावरून जात जात पडली माह्याच पायानं. आता बकऱ्या जातात, पोट्टे जातात." मग ती हसली. "पन रुबाब होता बरं माहा! बाया म्हनत, मंजुळेसाठी सरकारची मोटार थांबते."

"पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात नाल्याले पूर राहे. मंग बसा खडकावर उतार पडेलोग. दोन-तीन खेपा लय शिव्या देल्ल्या तुमाले, खोटं नाई सांगत."

"अन् मंग बाजारच बंद केला काऊन?"

हा प्रश्न त्याने विचारला खरा, पण उत्तर ऐकायच्या आधीच त्याला ते कळलं होतं.

"गुडघे गेले ना बाप्पा. पुलापासून चालनं होईना. फाट्यावरून आले असते रांगत बी. पन तुमी तं पुलावर थांबान. मंग सुनेले म्हटलं, तूच आन बाजार."

आजूबाजूला कोंबड्या फिरत होत्या. इंद्रभान त्यांच्याकडे बघत बसला. इतकी वर्षं ज्या एका गोष्टीवर मान वर करून चालला, तिच्याखाली या बाईचे गुडघे होते. आणि तो ते लोकांना सांगत फिरला होता, विहारात, माइकवरून.

"माय," तो कसाबसा म्हणाला, "येक डाव तरी सांगाचं होतं मले. मी काय तुमाले खाल्लं असतं?"

"अन् तुमी येक डाव इचाराचं होतं," मंजुळाबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तेच वाईट. "का माय, कुठी राह्यते तू?"

दोन महिने झाले, जिल्ह्यातल्या ज्या त्या गावात जाऊन हा माणूस विचारत होता की ही वाट कुठून येते, हा रस्ता कुठे जातो. पाठीमागच्या सीटवर बसलेल्या बाईला मात्र त्याने कधी एका शब्दाने विचारलं नाही. कळवळा आला, तेवढ्यावर त्याचं भागलं. इंद्रभानला स्वतःची लाज वाटली आणि ती त्याने लपवलीही नाही. हात जोडले. मंजुळाबाईने ते हात खाली केले आणि "काहीतरीच काय!" म्हणत लगबगीने घरात गेली.

बाहेर आली ती एक भलंमोठं कोहळं पोटाशी धरून. पुण्याकडे ज्याला लाल भोपळा म्हणतात तेच, पण दोन हातांच्या कवेत जेमतेम मावेल एवढं.

"घरचं हाये. बाईले द्या तुमच्या. तुमी पायी असते तं म्हटलं नसतं, पन तुमच्यापाशी गाडी हाये."

इंद्रभानने सायकलकडे पाहिलं. गिअर ढीगभर होते, कॅरिअर नव्हतं. पिशवीही नव्हती. हे ठेवायचं कुठे, डोक्यावर? त्याने ते सांगायला तोंड उघडलं. म्हातारीचे डोळे आनंदाने चमकत होते. शेजारच्या दोन बाया कुंपणापाशी येऊन उभ्या होत्या आणि मंजुळाबाई त्यांना सांगत होती, "हे पाहा, हेच ते मोटारवाले. माह्यासाठी थांबत." इंद्रभानने तोंड मिटलं.

"लय चांगलं हाये कोहळं," तो म्हणाला.

त्याने ते खांद्यावर घेतलं, दुसऱ्या हाताने सायकल धरली. डांबरी रस्त्याने गेला असता तर सरळ फाट्यावर निघाला असता. पण बाया देवळामागच्या पायवाटेकडे बोट दाखवत बाजूला सरल्या, आल्या वाटेने पाहुणा जाणार हे त्यांनी धरूनच चाललं होतं, आणि त्यालाही दुसरीकडे वळावंसं वाटलं नाही.

"जड तं नाई ना होत?" मंजुळाबाईने मागून विचारलं.

"नाई वो माय. कायचं जड?"

म्हटल्यावर क्षणभर त्याला बरं वाटलं. बघा, विचारलं तरी माणूस सांगत नाहीच. मग आपणही विचारलं असतं तर काय फरक पडला असता? पण उतारावर खांदा दुखायला लागला आणि हा युक्तिवाद काही त्याला पचेना. तिने निदान विचारलं तरी होतं.

नाल्यावर दोन्ही एकदम नेणं शक्यच नव्हतं. त्याने सायकल काठावर आडवी केली आणि आधी कोहळं घेऊन पाण्यात उतरला. पाणी गार होतं, शेवाळावरून पाय सरकत होते, मानेत कळ येत होती. अर्ध्यात थांबून दम खावा, कोहळं जरा पोटाशी घ्यावं, असं त्याला फार वाटलं. कुणी बघत नाही ना, म्हणून त्याने मागे वळून पाहिलं. मंजुळाबाई चढाच्या टोकाला आली होती. दुखऱ्या गुडघ्यांनी तिथवर चालत आली होती आणि डोळ्यांवर हात आडवा धरून बघत होती.

इंद्रभानने कोहळं खांद्यावर आणखी वर सरकवलं, मोकळा हात तिला हलवून दाखवला आणि तसाच पुढे चालू लागला.