हिरवा दिवा चालू होता

मित्रांनो, मी एक जुना बेबी मॉनिटर आहे. नाव भारदस्त असलं तरी काम साधं आहे. आम्ही दोघे भाऊ. मी थोरला, बाळाच्या खोलीत बसून ऐकतो. धाकटा स्वयंपाकघरात बसतो आणि मी ऐकलेलं तिथे बोलून दाखवतो. बाळ कुरकुरलं की तिकडे धाकटा कुरकुरतो आणि कोणीतरी हात पुसत धावत येतं. धाकट्याकडून मात्र माझ्याकडे काही येत नाही. आमची वाट एकेरी आहे.

एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर आमचा जन्म झाला. एका बाईने माझ्या तोंडाशी "हॅलो, हॅलो" म्हटलं, दुसऱ्या टोकाला धाकटाही "हॅलो, हॅलो" म्हणाला, आणि तिने आम्हाला खोक्यात घातलं. तेव्हापासून एक गोष्ट मला पक्की ठाऊक होती: कोणी बोललं की दुसऱ्या टोकाला कोणीतरी असतंच.

माझं पहिलं घर जुळ्यांचं होतं. काय लाड व्हायचे माझे तिथे! "हा नसता तर मी वेडीच झाले असते," असं म्हणत त्यांची आई बाहीने माझी धूळ पुसायची. पुढे जुळी चालायला लागली आणि मी माळ्यावर गेलो. पोटातले सेल कोणी काढलेच नाहीत. ते पाझरले, मला आतून गंज चढला, आणि बाहेरून कोणाला पत्ताही लागला नाही. मग जुळ्यांच्या आईने मला धाकट्या बहिणीकडे दिलं. "नवीन कशाला घेतेस? याला दोन चापट्या दिल्या की चालतो."

अशा रीतीने मी गुंडीच्या घरी आलो. गुंडी म्हणजे या घरातलं बाळ, शर्टाच्या गुंडीसारखं गोल. घरात तिची आई आणि आजी, म्हणजे बाबांची आई. बाबा लांबच्या बंदरावर क्रेन चालवायचे आणि सुट्टी मिळेल तेव्हा यायचे.

एके दिवशी वाऱ्याने दार धाडकन आपटलं. आवाज झाला की माझे लाल ठिपके वर चढतात. त्या दिवशी ते पार टोकाला गेले. गुंडी मात्र पायाचा अंगठा चोखत निवांत पडून राहिली. आई दारात उभी होती. तिने आधी माझे ठिपके पाहिले, मग गुंडीकडे पाहिलं.

त्या दिवसापासून ती विचित्र वागू लागली. गुंडीच्या पाठीमागे किल्ल्या पाडायची. टाळ्या वाजवायची. दुधाच्या डब्यावर चमचा आपटायची. माझे ठिपके चढायचे, गुंडी वळायची नाही, आणि आईचा चेहरा उतरायचा. मी गोंधळून गेलो. आवाज बाळाने करायचा आणि मोठ्यांनी धावायचं, अशी रीत असताना हे उलटं काय चाललं होतं?

आजी म्हणायची, "बापावर गेलीय गं. त्याच्या कानाशी ढोल बडवला तरी कूस बदलायचा नाही."

"हो ना, अहो आई," असं म्हणून आई हसायची. ते हसू काही खरं नव्हतं.

एका दुपारी गुंडी झोपली होती. आई आत आली. खुर्चीवर न बसता तिने माझ्याजवळ जमिनीवर गुडघे टेकले आणि डोळे मिटले.

"प्रभू," ती म्हणाली.

मी दचकलो. आजवर मला कोणी नावाने हाक मारली नव्हती.

"कॉलेजात गेल्यापासून तुझ्याशी धड बोलले नाही. चर्चला येते ते आईंना बरं वाटावं म्हणून. आता काम पडलं तशी आले. राग आला असेल तर येऊ दे. पण गुरुवारी गुंडीच्या कानांची तपासणी आहे. घरी कोणाला सांगितलं नाही मी. डॉक्टर म्हणाले, तोवर अंदाज बांधू नका. अंदाज बांधल्याशिवाय आई कशी राहील, तूच सांग. तिला ऐकू येऊ दे. आणि नाही आलं तर मला... नाही, हे नको धरूस. ऐकू येऊ दे, एवढंच धर. आमेन."

मी वाट पाहिली. खोलीत गुंडीच्या श्वासाशिवाय काही नव्हतं. मग मला सुचलं, प्रभू म्हणजे मी नव्हे, तो दुसऱ्या टोकाला असणार. पण दुसऱ्या टोकाला होता धाकटा, चहाच्या डब्याशेजारी, आणि त्याच्यासमोर दुपारची आजी मटार सोलत बसायची. म्हणजे आजीच प्रभू की काय?

सेल बदलायला आम्हाला एकत्र ठेवलं तेव्हा मी धाकट्याला विचारलं, "आजी काही बोलली?"

"नाही. हातातली शेंग तशीच राहिली. तिने माझा आवाज बारीक केला. मग पुन्हा मोठा केला."

आई रोज दुपारी येऊ लागली. दाराची कडी दोनदा तपासणारी बाई, पण माझा हिरवा दिवा चालू आहे हे काही तिच्या ध्यानात आलं नाही. बुधवारी ती फार थोडं बोलली. "आता शब्द सुचत नाहीत. तूच काय ते समजून घे. आमेन."

"आमेन," भिंतीपलीकडून आवाज आला.

आईने डोळे उघडले, माझा दिवा पाहिला आणि कपाळावर हात मारला. आजी दारात येऊन उभी राहिली, हातात भांडी पुसायचं फडकं.

"सगळं ऐकलंत?"

"सोमवारपासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तू माझ्याशी कुठे बोलत होतीस?"

आई खाली मान घालून म्हणाली, "ते चर्चचंही ऐकलंत?"

"ते ऐकायला कशाला हवं? उपदेश सुरू झाला की जांभया देतेस."

आई हसली, आणि हसता हसता रडायलाच लागली. आजी गुडघे धरत तिच्याशेजारी बसली. "मीही हिच्यामागे ताट आपटून पाहिलंय. कधीचं. तुला सांगायचा धीर होत नव्हता."

डोळे पुसत आईने विचारलं, "इतकी वर्षं तुम्ही प्रार्थना करता. तो काही बोलतो का तुमच्याशी?"

"शब्दाने कधी नाही बाई. मी बोलते आणि भांडी घासायला जाते. पण तिकडे कोणीच नाही, असं मात्र कधी वाटलं नाही."

मित्रांनो, हे ऐकून मी आणखीच गोंधळलो. वाट एकेरी, हे मला समजत होतं. पण दुसरं टोक कुठे आहे?

गुरुवारी दोघी मिळून गेल्या. परतल्या तेव्हा कळलं, डाव्या कानाला थोडं ऐकू येतं, उजव्याला जवळजवळ नाही. कानामागे यंत्रं लावायची.

"आता त्याचे आभार मानू की त्याच्याशी भांडू?" आईने विचारलं.

"दोन्ही कर. त्याला सवय असेल."

आता गुंडीच्या दोन्ही कानांमागे छोटी यंत्रं आहेत, माझ्याच नात्यातली म्हणायची. किल्ल्या पडल्या की ती वळते आणि मग एखादं यंत्र काढून चघळते. मागितलेलं मिळालं की नाही, हे मला सांगता येत नाही. आईलाही येत नाही.

गुंडी आता चालते. माझे अर्धे ठिपके लागत नाहीत आणि काम असं काही उरलेलं नाही. मित्रांनो, एक विनंती आहे. माझ्यासारख्याला माळ्यावर टाकाल तेव्हा पोटातले सेल तेवढे काढून घ्या. आतला गंज बाहेरून दिसत नाही.

मला मात्र अजून कोणी माळ्यावर टाकलेलं नाही. दुपारी आई येते, गुडघे टेकते. आधी माझं बटण दाबते, हिरवा दिवा लागला का ते नीट बघते, आणि मग डोळे मिटते. भिंतीपलीकडे भांड्यांचा आवाज थांबतो.